चाल संपल्यावर गजानन

बँडवाल्यांच्या भिंतीला भिंत लागून घर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी घरात येतात! आमच्या उंद्रीतली, महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. मी भाजी निवडत होते. पलीकडे बँडमास्तर दादामिया कुणाला तरी सांगत होते, "देऊळगाव राजाहून दुसरा क्लॅरिनेटवाला बोलावून राह्यलो. गजाननच्या जागी..."

अन् नेमका ढोल सुरू झाला! पुढचं ऐकूच आलं नाही.

अर्धी बातमी पोटात किती वेळ ठेवणार? गजाननच्या बायकोला, शांताला, सांगून टाकली. त्या दिवशी तिच्या वरणात मीठच नव्हतं.

*

चूक तशी गजाननचीच. जालन्याच्या बाजारातून त्याने जुना चावीचा ग्रामोफोन अन् तीन इंग्रजी रेकॉर्डी आणल्या, आणि लग्नाची गाणी सोडून त्यातच अडकला.

"याले जॅझ म्हनतात, मावशी. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मंग एकेक जण मनचं वाजवते."

"मग तूही वाजव मनचं!"

"सुचत नाही ना! आधी एखाद्याचं जसंच्या तसं उतरवून घ्या लागते, मंग आपल्याले सुचते."

पण तीन रेकॉर्डींवरच्या तीन वाजवणाऱ्यांतलं पहिलं कोणाचं उतरवायचं?

*

त्याने निवडलं सगळ्यात जलद. आठ दिवसांत हाती लागले चार सूर!

दादामिया म्हणाले, "काऊन बे, मोटर गेली निघून अन् तू धुळीमागं पळून राह्यला?"

*

मग गजाननने युक्ती काढली. चावी कमी द्यायची, म्हणजे रेकॉर्ड हळू फिरते. भराभर वही भरली. पूर्ण चावी देऊन सोबत वाजवायला बसला, तर रेकॉर्ड एका सुरात, हा दुसऱ्याच! हळू फिरताना सूरही खाली उतरतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शांता म्हणाली, "मंग रेकॉर्डलेच सांगा ना खाली याले!"

*

निवड शेवटी शांतानेच केली, तिच्या नकळत. भाकरी थापता थापता ती काहीतरी गुणगुणत होती. गजानन धावत चुलीपाशी. तिसऱ्या रेकॉर्डवर एक जण थांबत थांबत क्लॅरिनेट वाजवायचा, ते तिला पाठ झालं होतं! (खरं सांगायचं तर मलाही.)

"हेच!" गजानन ओरडला. जे तोंडात बसलं ते बोटांतही बसलं. त्या माणसाने जिथे जिथे श्वास घेतला, तिथे वहीत टिंबसुद्धा दिलं.

*

पुढे गावात लग्न निघालं, त्या दिवशी देऊळगाव राजाचा माणूस खरंच आला! रांगेत गजाननच्या जागी उभा राहिला. शांताने माझ्याकडे पाहिलं.

मग दादामियांनी गजाननला रांगेच्या दोन पावलं पुढे उभं केलं. "चाल तो सांभाळते. तू तुयं वाजव."

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला आत गेला की तो बाहेर येईस्तोवर बँडने थांबायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गजाननने रेकॉर्डवरचं सुरू केलं, टिंबांसकट. ते संपलं, तरी नवरदेव आतच! गजाननने घाबरून मागे पाहिलं. दादामियांनी ढोलवाल्याला नुसती मान हलवली, चालू दे. गजाननने डोळे मिटले, अन् कुठल्याच रेकॉर्डवर नसलेलं काहीतरी वाजवू लागला.

तेवढ्यात नवरदेव देवळाच्या पायरीवर आला. दादामियांनी त्याच्यापुढे हात आडवा केला.

"नवरदेव, अजून एक खेप दर्शन घेऊन या!"