कांचनाचं सोनं

बन्नीमंटपात गुंडेरावांच्या दारी एक झाड उभं आहे. पत्नी भवानीबाईंनी ते हौसेनं लावलं, आपटा म्हणून मायेनं वाढवलं, आणि एकतीस दसरे त्याच्याच पानांचं सोनं गल्लीभर वाटलं. कन्नड शेजारी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देत. बाईंनी आपली रीत सोडली नाही. आता बाई नाहीत. झाड आहे, आणि झाडाशी बोलणारे गुंडेराव आहेत.

झाडं केव्हा पालवतात, केव्हा फुलतात, हे सामान्य लोकांकडून टिपून घेणाऱ्या एका संशोधनासाठी गुंडेराव दर सोमवारी फोनवरून झाडाचा फोटो पाठवीत. स्नान, पूजा, मग फोटो; व्रतच ते! परंतु फोनमधलं यंत्र पान पाही आणि दरवेळी म्हणे, ‘कांचन’. गुंडेराव ते खोडून लिहीत, ‘आपटा’. दुसऱ्या कुणाचीही साक्ष मिळेना. नोंद अधांतरीच राही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संशोधनाचं काम पाहणाऱ्या नव्या नावाच्या मुलीचा फोन आला.

"काका, तुमच्या नोंदींवरूनच यंत्र शिकतं. आपण चुकीचं शिकवलं, तर ते साऱ्यांना चुकीचंच सांगेल. आपट्याचं फूल बारीक, फिकट पिवळं असतं. तुमच्या झाडाचं?"

गुंडेरावांनी बाहेर पाहिलं. अंगणात गुलाबी पाकळ्यांचा सडा पडला होता. खरं लिहावं, तर बाईंचं सोनं खोटं ठरत होतं.

सकाळी शेजारच्या तुंगाबाई बन्नीची पानं घेऊन आल्या.

"तुंगाबाई, हा आपटा नव्हे हो."

"अय्यो, गोत्तु री! सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या मायेनं पान हातावर ठेवायच्या, त्या हाताला खोटं म्हणायचं? आणि राव, एकतीस वर्षं झाडाखाली बसून तुम्ही नुसती कापीच प्यालात होय?"

हसत त्या निघून गेल्या. घर पुन्हा रिकामं झालं. गुंडेरावांनी ‘आपटा’ पुसलं आणि ‘कांचन’ लिहिलं. लिहिता लिहिता बोट थबकलं. कांचन! आपट्याच्या पानाला सोनं मानावं लागतं; हिच्या झाडाचं तर नावच सोनं!

"अगं, ऐकलंस का?" म्हणून ते वळले. बाईंची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी एक पान तोडलं, तसबिरीपुढे ठेवलं. "भवानी, सोनं घे."

मग तिच्या वाटचं उत्तरही त्यांनीच दिलं, "सोन्यासारखे राहा."