नऊ सेंटिमीटरची नोंद

भिवंडीजवळच्या खारबाव गावच्या केसरीनाथ तरे यांनी शेलारजवळची आपली भातजमीन गोदामासाठी विकली, तेव्हा त्यांची मुलगी क्षितिजा सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन हजार सहा साली ती पास झाली आणि वर्षभराच्या अॅप्रेंटिसशिपसाठी तिला साइट मिळाली ती नेमकी तीच. केसरीनाथांना ते रुचलं नाही. ज्या जमिनीचे आपण कालपर्यंत मालक होतो, तिथे आपली मुलगी हेल्मेट घालून मजुरांत उभी राहणार, हे गावात कसं सांगायचं? त्यापेक्षा नाक्यावर दुकान काढून देतो, असं ते म्हणाले. क्षितिजाने वाद घातला नाही. सोमवारी सकाळी डबा भरून घेतला आणि रिक्षाने शेलारला गेली.

साइटचे इंजिनियर प्रभाकर वैद्य भिवंडीतल्याच एका जुन्या मास्तरांच्या घरातले. वय पंचावन्नच्या पुढे, बोलणं मोजकं. पहिले पंधरा दिवस त्यांनी तिला काहीच शिकवलं नाही. संध्याकाळी फक्त विचारायचे, आज काय पाहिलंस? सिमेंट आलं, असं तिने सांगितलं की ते विचारायचे, ठेवलं कुठे, जमिनीपासून किती वर? तिला सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती ते पाहून ठेवायची, तर त्यांचा प्रश्न बदललेला असायचा. असं होता होता तिची नजर तयार झाली. सळ्यांची जाळी जमिनीला टेकू नये म्हणून खाली ठोकळे लावलेत की नाहीत, सुतार उद्या येणार नसतील तर आज कुठलं काम पुढे घ्यायचं, हे तिला न विचारता कळू लागलं.

तिसऱ्या महिन्यात सरांनी लेव्हलचं यंत्र तिच्या हाती दिलं. तिपाईवरच्या दुर्बिणीतून समोर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि त्यावरून कुठलं बांधकाम किती उंच आणायचं ते ठरवायचं. हे काम तिला मनापासून आवडलं. थोडा दिमागही चढला. नवशा मिस्त्री वाडा तालुक्याकडचा जुना गवंडी, त्याच्या हाताखाली पंधरा माणसं. तो उंची पाहायचा ती पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं, त्यावर त्याचा सगळा भरवसा. एकदा तो नळी घेऊन आला तेव्हा क्षितिजाने त्याला सांगितलं, आता तिची गरज नाही, मशीन चुकत नाही. नवशाने नळी गुंडाळली आणि सामानाच्या खोलीत टाकली.

डिसेंबरात मागच्या ओळीतले सात खांब जोत्यापर्यंत भरून झाले. आठवड्याने प्रभाकर सरांनी जोत्याच्या तुळईसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायला लावली. मागच्या ओळीवर दोरी बसेना. सातही खांब नऊ सेंटिमीटर वर आले होते.

दुपारी कंत्राटदार मितेश आला. त्याने कुणाला काही विचारलंच नाही. मिस्त्रीने हलगर्जीपणा केला असं धरून चालला आणि नवशाला म्हणाला, शनिवारी तुझी माणसं घेऊन जा, मी दुसरी टोळी आणतो. नवशा मान खाली घालून उभा राहिला.

क्षितिजाने ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन वही उघडली. या खांबांसाठी खुणा मारल्या त्या दिवशी तिने पुढच्या ओळीतल्या, उंची माहीत असलेल्या एका तयार खांबावरचा आकडाही घेतला होता, पण तो ताडून पाहायचं राहून गेलं होतं. आता ताडला, तर तोही नऊ सेंटिमीटरने चुकत होता. पहिल्याच ओळीत तिने आकड्यांची अदलाबदल करून एक पूर्णांक चोपन्न मीटरच्या जागी एक पूर्णांक पंचेचाळीस लिहिलं होतं. मग वही घेऊन बाहेर आली आणि मितेश आणि सरांसमोर ते पान धरलं.

मितेशने पान पाहिलं आणि आवाज खाली आणला. "राहू दे ना. केसरीनाथ काकांची मुलगी तू. मिस्त्रीला काय, दुसरी साइट मिळेल."

क्षितिजाने सरांकडे पाहिलं. ते अजून पानावरचे आकडे ताडत होते.

"मिस्त्रीने मी मारलेल्या खुणेपर्यंतच काँक्रीट भरलंय," ती म्हणाली. "खूण माझी आहे. त्यांना काढायचं कारण नाही."

मितेश गाडीकडे गेला. टोळी बदलण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. सरांनी साइटची डायरी तिच्यापुढे सरकवली. "तुझ्या नावाने लिही," ते म्हणाले. "अक्षर नीट काढ." तिने तीन ओळी लिहिल्या. त्याखाली सरांनी आपल्या हाताने एक ओळ जोडली: खांब भरण्यापूर्वी मी खुणा तपासल्या नाहीत.

दोन दिवस छिन्नी-हातोड्याने सातही खांबांचे माथे तोडले गेले. क्षितिजा प्रत्येक खांबापाशी मोजायला उभी होती. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या टोळीसमोर नवशाची माफी मागितली. तो लगेच निवळला नाही. चार दिवस कामापुरतंच बोलला. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत आपणहूनच म्हणाला, "मना खांब तवाच वर वाटला होता. पन मशीन चुकत न्हाय, असा तुमीच बोललाव ना."

त्या दिवशी तिने त्याच्याकडून नळीने पातळी घ्यायला शिकून घेतलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणीसुद्धा खोटं बोलतं, हे नवशानेच तिला दाखवलं. पुढचं प्रत्येक काम दोन्ही रीतींनी तपासून मगच भरलं गेलं.

वर्ष पुरं झालं, प्रमाणपत्र हाती आलं. प्रभाकर सरांनी तिला आपल्याबरोबर नारपोलीतल्या इमारतीच्या कामावर घेतलं आणि दोन हजार नऊमध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ते काम तिच्याकडे सोपवलं. दुकानाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण केसरीनाथ तिच्या कामाबद्दल कधी चांगलंही बोलले नाहीत, वाईटही नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे चुलतभाऊ घराचा पाया घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला आले. केसरीनाथांनी त्यांना पडवीत बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, "मना नको ईचारू. क्षितिजा सात वाजता येतं, तवर बस."