निळ्या डोक्याची शेळी

टाळेबंदीत लोक पाव भाजायला शिकले, कुणी गिटार शिकले. मी एका परदेशी विद्वानाशी महिनाभर भांडलो, आणि भांडणाचा विषय होता शेळीचा रंग. भांडणात मी पार तोंडावर आपटलो. तरीही ते भांडण मला अजून कुणी सांगायला लावलं की मी आधी खुर्ची पुढे ओढून घेतो.

त्या वर्षी कासलबारच्या आमच्या घरात आम्ही तिघं होतो. बायको डॉक्टर, तिच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडात. मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा. शनिवारच्या बाजारात वडे तळायचो, तो बाजार मार्चमध्येच बंद झाला. आणि माझे बाबा. सांगलीकडच्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि अडकले.

सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं सरकारने सांगितलं होतं. त्याला इथे जो शब्द वापरत, त्याचा अर्थ कोशात राहणं. मी बाबांना तो समजावून सांगितला.

"म्हंजे आता फुलपाखरू हून बाहेर पडायचं," बाबा म्हणाले. हा त्यांचा एप्रिलमधला विनोद. तेव्हा ते अजून बोलत होते.

त्यांची बॅग जिन्याच्या पायथ्याशी उभी असायची. रोज सकाळी ते तिचं छोटं कुलूप काढत, वरचा एक सदरा घेत आणि पुन्हा कुलूप लावत. धुतलेले कपडे घडी करून परत आत. मी कपाट रिकामं करून दिलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "कपाटात कपडे लावले की माणूस राहिला," ते म्हणाले. "मी जायला निघालोय."

विमान एकदा रद्द झालं, दुसऱ्यांदा झालं. जूनच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा रद्द झाल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन तो वाचला, परत दिला आणि खिडकीशी जाऊन बसले. त्यानंतर बोलणं बंद. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. विचारलं की मान हलवायचे, तीही अशी की हो का नाही ते कळू नये.

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांचं वजन उतरतंय," ती म्हणाली. "गोळी देऊन बरं होणारं नाहीये हे. मी दिवसभर तिकडे माणसं बघते आणि घरी येऊन हे बघते. तू काहीतरी कर. एरवी नाटकं करत असतोसच ना?"

नाटकं करण्याचा रीतसर हुकूम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. मी कामाला लागलो. गावातल्या सगळ्या माणसांच्या नकला केल्या. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मला ती जुनी कार्टून्स आठवली.

आमच्या लहानपणी टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि तिचे कार्यक्रम वेळेवर पोचत नसत. मग दिलगिरीची पाटी लागायची, आणि पाटीच्या मागून ही मंडळी यायची. कुठल्यातरी लांबच्या देशातली, न बोलणारी, नाव-गाव नसलेली. एक मिशाळ बंबवाला होता, त्याला आग कधीच सापडायची नाही. छत्र्या विकणारा एक साळिंदर होता. त्याच्याकडच्या प्रत्येक छत्रीला त्याच्याच काट्यांनी भोकं पडलेली. आणि शेळी. ती एका खुंटीला बांधलेली असायची, समोर कोबीचा वाफा, दोर वीतभर कमी. दर वेळी नवी युक्ती, दर वेळी वीतभर कमी. ही मंडळी माझ्याशिवाय कुणालाही आठवत नाहीत. मी पुष्कळ लोकांना विचारून पाहिलंय. लोक तोंडावर हसतात आणि विषय बदलतात.

मी ठरवलं, बाबांसमोर शेळी करायची. गाऊनचा पट्टा कमरेला बांधला, दुसरं टोक रेडिएटरला, आणि गालिच्यावर चार पायांनी कोबीकडे निघालो. कोबी म्हणून सोफ्यावरची उशी. दोन झटके दिले, तिसऱ्याला गाठ अशी आवळली की सुटेना. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत खिडकीकडे वळले. त्याच खिडकीबाहेर शेजारच्या बाई उभ्या होत्या, कुंपणाच्या भिंतीवर आमच्यासाठी पाव ठेवायला आलेल्या.

"सगळं ग्रँड ना?" त्यांनी बाहेरून विचारलं. ग्रँड म्हणजे इथे ठीकठाक.

"ग्रँड," मी रेडिएटरपासून म्हणालो.

"मग ग्रँडच," त्या म्हणाल्या आणि गेल्या. इथली ही सभ्यता मला फार आवडते.

पट्टा कापावा लागला. पण शेळी डोक्यातून जाईना. इंटरनेटवर विस्मृतीत गेलेल्या कार्टूनांचा एक कट्टा सापडला. तिथे मी सविस्तर वर्णन टाकलं. शेळी, खुंटी, कोबी. डोकं निळं, पोट नारिंगी, पाय हिरवे. दोन दिवसांनी एका निवृत्त ग्रंथपालांचं उत्तर आलं. हे गृहस्थ पूर्व युरोपातल्या कुठल्याशा गावात जुन्या फिल्म जमवत होते. त्यांनी लिहिलं, शेळी आहे, खुंटी आहे, कोबीही आहे; पण ती मालिका कृष्णधवल आहे आणि शेळी पांढरी आहे.

मी लिहिलं, महाशय, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांनी लिहिलं, महाशय, ती फिल्म माझ्या कपाटात आहे. असं महिनाभर चाललं. निळेपणाच्या बाजूने मी जे युक्तिवाद केले, ते आता वाचले की कान गरम होतात. सगळ्यात शेवटी त्यांनी लिहिलं की स्मरणशक्ती ही दयाळू असते पण प्रामाणिक नसते. हे मला फारच लागलं. मी ते पत्र मराठीत करून खोलीभर फिरत, हातवारे करत वाचून दाखवलं. बाबांना दाखवलं असं नाही. खोलीत तेवढेच होते.

"शेळी पांढरीच हुती," खिडकीकडून आवाज आला.

मी जागच्या जागी थांबलो. इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज खरखरीत झाला होता. आनंद दाखवला तर परत बंद होईल या भीतीने मी भांडायचंच ठरवलं. "निळी होती, बाबा. डोकं निळं, पोट नारिंगी—"

"तो कागद हुता, लेका. मी सांगलीस्नं आणलेला, टीव्हीला लावायला."

आणि मला तो कागद दिसला. प्लास्टिकचा, टीव्हीच्या काचेएवढा, वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. आकाश, माणसं, गवत असा त्यामागचा हिशेब. तेव्हा रंगीत टीव्ही न परवडणाऱ्या पुष्कळ घरांत तो असे. मी पस्तीस वर्षं एका कागदाची बाजू लढवत होतो.

"बातम्या सांगणारी बाई बी निळीच हुती की," बाबा म्हणाले. "तिच्यापायी न्हाई कुणाला पत्र लिवलंस."

मी ग्रंथपालांना बिनशर्त माफीपत्र लिहिलं, कागदाच्या वर्णनासकट. ते इतके खूश झाले की त्यांनी एक भाग पाठवून दिला, चार मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मी टीव्हीवर लावला. बाबा खुर्ची वळवून बसले.

करडं आभाळ, करडी शेळी, करडा कोबी. शेळीने उडी मारली, पडली. परत उडी मारली, परत पडली. दोर वीतभर कमी. मला वाटलं, हे दाखवायलाच नको होतं. एका बांधलेल्या जनावराला दोन बांधलेली माणसं बघत बसली होती.

"ह्यात मजा न्हाई," बाबा म्हणाले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. आता खुर्ची परत खिडकीकडे वळणार. पण ते म्हणाले, "पोरीनं आणलेला तो चॉकलेटचा डबा कुठाय?"

एका रुग्णाच्या घरच्यांनी बायकोला दिलेला डबा. तीन दिवस मागच्या शेडमध्ये ठेवून मग घरात आलेला, सगळंच तेव्हा तसं घरात येई. त्यातली चॉकलेटं चमकदार पारदर्शक कागदात गुंडाळलेली होती. निळे होते, नारिंगी होते, हिरवे होते. कागद हवा तर चॉकलेट संपवायला हवं, वाया घालवणं बाबांच्या तत्त्वात बसत नाही. अर्धी पोळी खाणारा माणूस एकामागून एक चॉकलेटं खाऊ लागला. मी निळी घेतली. नारिंगी दोघांना पुरली नाहीत.

मग चिकटपट्टी हवी झाली. घरात नव्हती. बाबा उठले, जिन्याशी गेले आणि कुलूप काढलं. फिटर माणूस टेप आणि कात्रीशिवाय गाव सोडत नाही, पण त्या दोन्ही वस्तू बॅगेच्या पार तळाशी होत्या. सदरे बाहेर आले, धोतरं आली, स्वेटर, औषधांचा डबा, गावच्या घराच्या किल्ल्या. सगळं सोफ्यावर, खुर्च्यांवर. मी मुद्दामच मदत केली नाही.

तासाभरात टीव्ही सजला. ठिगळं ठिगळं, मधून काळी टेप. मी फिल्म पुन्हा लावली. शेळीने उडी मारली आणि तिचे हिरवे पाय नारिंगी झाले, नारिंगी पाठ निळी झाली.

"हे बघ," बाबा म्हणाले. "ह्यालाच हसायचास तू."

बायको आली तेव्हा फिल्म सहाव्यांदा चालू होती. मागच्या दाराने येऊन, आंघोळ करून ती डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी राहिली. तिने टीव्ही पाहिला, डबा पाहिला.

"बाबा, साखर," ती म्हणाली.

"कागदासाठी खाल्ली," बाबा म्हणाले.

मग तिला सोफ्यावरचे कपडे दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "आता एवढं परत भरत बसू नका," ती अगदी सहज आवाजात म्हणाली. "जिन्याखालचा प्रेस रिकामाच आहे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आम्हीही म्हणू लागलो होतो.

बाबांनी फिल्म थांबवायला सांगितली. शेळी उडीच्या मधोमध थांबली. ते उठून रिकाम्या बॅगेपाशी गेले. याच क्षणासाठी मी इतका खटाटोप केला होता, आणि तो आला तेव्हा मला वाटलं, त्यांनी नाही म्हणावं.

"दोन सदरे आतच राहू देत," ते म्हणाले. "आन् किल्ल्या."

तेवढं त्यांनी स्वतः घातलं आणि कुलूप लावलं. बॅग पुन्हा जिन्याशी उभी राहिली. पुढच्या वर्षी ते विमानाने गावी परतले तोवर ती तिथेच होती. बाकीचे कपडे मी उचलले आणि जिन्याखाली वाकून एकेक लावत बसलो. बाहेर बाबा तिला सांगत होते, शेळी निळी नव्हतीच मुळी, ह्याला लहानपणापासून सांगतोय.