किंडरगार्टन हा शब्द कुणाचा?

अमेरिकेत, पार्सिपनीत आम्हाला वर्ष झालं होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुलगी नुकतीच किंडरगार्टनला जाऊ लागली होती आणि पहिल्याच महिन्यात तिच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. ती वर्गात गप्प बसते, दोन भाषांनी तिचा गोंधळ होतोय, तेव्हा घरात तुमची भाषा बंद करा, असं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली.

तीन महिने आम्ही घरात इंग्रजी बोललो. मला धड रागावताही येईना. शब्द सापडेपर्यंत ती खेळायला निघून गेलेली असायची. मग एकदा दुकानात माझ्या तोंडून "चल गं, उशीर होतोय" असं निघून गेलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मम्मी, डोन्ट टॉक लाइक दॅट."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिच्यावर कशी चिडणार? पाच वर्षांचं पोर ते.

शनिवारी तिला घेऊन लायब्ररीत गेले, तेव्हा तिथला जाडजूड शब्दकोश उघडला. आमची भाषा बंद करायला सांगणाऱ्या शाळेचा हा किंडरगार्टन शब्द तरी कुठला, ते मला बघायचं होतं. शब्द जर्मन निघाला. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. म्हणजे आपली बालवाडीच की! लायब्ररीतल्या बाईंनी एक विश्वकोशही काढून दिला. अमेरिकेतली पहिली किंडरगार्टन जर्मन कुटुंबांसाठी निघाली होती आणि तिथे मुलांशी जर्मनच बोलत, असं त्यात होतं.

सोमवारी त्या पानाची झेरॉक्स मी वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, की ते वेगळं होतं.

"वेगळं कसं?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "त्यांची मुलं घरची भाषा शाळेत बोलली तरी चाललं. माझी मुलगी घरातसुद्धा बोलायची नाही?"

तेवढ्यात मुलं आत आली. बाई त्यांच्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी मी घरात मराठी सुरू केली. नवरा कुरकुरला, त्याच्याशी चार दिवस अबोला धरला. मुलगी मात्र इंग्रजीतच उत्तर देत राहिली. आज तिला माझा शब्द न् शब्द कळतो, पण बोलायची वेळ आली की ती अडखळते आणि माफी मागते. तिने माफी मागितली की मला अजूनही संताप येतो, पण तिचा नाही.