गुडघ्याच्या गोळ्या, सहा स्ट्रिप

आमच्या फ्रिजवर महिन्याची यादी लावलेली असते; तीच वाण्याकडे आणि मेडिकलवर जाते. पंचवीस वर्षांत या घरात एखादी वस्तू संपली आणि मला कळलं नाही, असं झालेलं नाही. याचा मला अभिमान होता. आता त्याचीच चीड येते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ह्यांच्या पायांना सूज आली, चप्पल रुतायला लागली. अंगाला खाज, सकाळी मळमळ. पोह्यांवर शेव घालू का विचारलं तर तोंड फिरवायचे. मी उन्हाचा त्रास ठरवला आणि यादीत दही वाढवलं.

मग रक्ततपासणी, सोनोग्राफी. डॉक्टरांनी कागदावर राजम्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडं काढली. मुठीएवढी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांशी. प्रत्येकात लाखो बारीक गाळण्या. रक्त गाळून अंगात परत, घाण लघवीवाटे बाहेर. गाळणी मेली की नवी येत नाही. ह्यांची दोन्ही आक्रसली होती. बहुतेक गाळण्या जाईपर्यंत शरीर चकार शब्द काढत नाही, हे ऐकून मला त्या मूत्रपिंडांचाच राग आला. एवढं सोसायला कुणी सांगितलं होतं?

ब्लडप्रेशर जुनंच होतं. पण डॉक्टर थांबले ते पुढच्या प्रश्नाशी: दुखण्याच्या गोळ्या किती घेता?

"रोज दोन, गुडघ्यासाठी. सहा वर्षं झाली," हे म्हणाले. "एक दिवस खंड नाही. हिची यादी पक्की असते."

वर हसले. डॉक्टर हसले नाहीत. या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि प्रेशर असलेल्या माणसाने तर त्या अशा घ्यायच्याच नसतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचा शांतपणाही मला सहन झाला नाही.

मी घरी न जाता थेट कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सहा वर्षं गोळ्या दिल्याच कशा, म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला झापलं.

"दीदी, लिस्ट तो आप ही भेजती थीं," तो म्हणाला. "हर महीने."

खरं होतं. मूळ चिठ्ठी पाच दिवसांची होती. मी नवी यादी नेहमी जुनीवरून उतरवते. हळद, रवा, साबण, गुडघ्याच्या गोळ्या सहा स्ट्रिप. ती ओळ मी सत्तरेक वेळा उतरवली, सुवाच्य अक्षरात, आणि एकदाही विचारलं नाही की ही अजून इथे का आहे.

डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. मीठ कमी, पाणी मोजून, प्रेशर ताब्यात, दुखण्याची गोळी बंद. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठणारी घाण, आहे तिथे टिकलं तर डायलिसिस लांबेल. नाही टिकलं तर त्यासाठी हाताच्या शिरेचं ऑपरेशन.

आज दुसरा महिना संपला. सकाळी जिन्यात गुडघा धरून हे उभे राहिले.

"एकच दे. आजच्या दिवस."

"नाही."

रागानेच म्हटलं. पुढच्या पायऱ्या ते कठड्याला धरून चढले, माझ्याकडे न बघता. मी आत येऊन नवी यादी कोऱ्या कागदावर लिहिली, जुनी समोर न ठेवता. सामान आलं तेव्हा कळलं, रवा राहिला.