कुंदाचं गुड मॉर्निंग

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. यांनासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि आता हे ऐकायला राहिले नाहीत. लेकीला एकदा सांगायला गेले होते — ती म्हणाली, आई, चहा निवतोय तुझा — मग मी गुपचूप चहा प्यायले. तुमचं-माझं ना नातं ना गोतं, म्हणून तुमच्यापाशी बोलते. मध्येच गप्प झाले तर होऊ द्या, घाई करू नका.

गोष्ट इंग्रजीची आहे. हसलात? हसा. मलाही वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी बाई इतकी वर्षं कुढते का?

आमच्या बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या घरात इंग्रजी म्हणजे मी. सासरे संस्थानच्या नोकरीत कारकून होते, त्यांना यायचं, पण ते जुनं, टाक-दौतीचं इंग्रजी. मी युनिव्हर्सिटीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तार आली की वहिनींकडे द्या. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मिक्सरच्या खोक्यातला कागद, बँकेचं पत्र — वहिनी वाचतील. सोसायटीतल्या गुजराती बायकासुद्धा 'मराठी बेनने पूछो' म्हणत आमच्या ओट्यावर यायच्या. काय तो मान होता म्हणून सांगू!

पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. वाचायला सांगा, जाडजूड पुस्तक वाचीन. तोंड उघडायचं म्हटलं की संपलं. वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा. एकदा स्टेशनवर एका गोऱ्या बाईनं मला काहीतरी विचारलं, साधंच असणार, आणि मी नुसती मान हलवली अन् चालायला लागले. यांनी विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, वेळ विचारत होती. बघा, म्हणजे खोटं बोलायचा सराव होताच.

मग कुंदा आली. माझी धाकटी जाऊ, शरदभावजींची बायको. माहेर प्रतापनगरचं, वडील रेल्वेच्या कारखान्यात, शिक्षण गुजराती शाळेत मॅट्रिकपर्यंत. बोलणं असं की एका वाक्यात अर्धं मराठी, अर्धं गुजराती. 'वहिनी, जरा बारी बंद करा ने!' म्हणायची. बारी म्हणजे खिडकी, हे आमच्या सासूबाईंना तिनंच शिकवलं. मला आवडायची. खरंच आवडायची — सुरुवातीला. आपल्यापेक्षा कमी असलेलं माणूस आवडायला कष्ट पडत नाहीत, हो ना?

तेव्हा जवळच एक रिटायर झालेल्या पारशी शिक्षिका दुपारी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. कुंदानं तिथे जायचं काढलं. व्याकरण नाही, पुस्तक नाही, वहीसुद्धा नाही. रोजच्या वापरातली वाक्यं तोंडानं घोकायची. प्लीज कम इन. हॅव अ सीट. हाऊ मच इज धिस? आणि त्या बाईंचा एक नियम होता — शिकलेलं वाक्य त्याच दिवशी कुठल्यातरी जिवंत माणसाशी बोलायचंच. भिंतीशी नाही, आरशाशी नाही.

झालं! कुंदानं कुणाला सोडलं नाही. भाजीवालीला हाऊ मच, तिनं भाव सांगितला की टू मच, टू मच! भाजीवाली पोट धरून हसायची, आणि तीही टू मच म्हणायला लागली. दूधवाल्याला थँक यू. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला माइंड द स्टेप. चुकायची, अडायची, मध्ये गुजराती घुसडायची — आणि पुढे बोलायची. लाज म्हणून नाही हो त्या मुलीला! मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तिच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करायची. एकही मोठ्यानं नाही.

आणि सासरे. ते सकाळी झोपाळ्यावर बसायचे, पेपर हातात. कुंदा चहा घेऊन जायची — गुड मॉर्निंग, बाबा. ते पेपर बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, व्हेरी गुड मॉर्निंग, माय डिअर. डिड यू स्लीप वेल?

माय डिअर! मी त्या घरात तिच्या आधी आलेली. त्यांचे डोळे बिघडले तेव्हा रोज त्यांना पेपर वाचून दाखवलेली. मला ते 'सूनबाई' म्हणत — चांगलंच म्हणत — पण माय डिअर? जन्मात नाही. आणि म्हणाले असते तर? मी काय उत्तर दिलं असतं? नुसती मान हलवून आत निघून गेले असते. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळत होते. मत्सर. दुसरा शब्द लावून मी त्याला नटवणार नाही. सकाळी तो झोपाळा करकरला की मी आत भांडी आपटायची.

त्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं माझ्या हातचं. गुजराती शेजारणीही आवर्जून यायच्या, कारण त्यांना उखाण्यांची भारी हौस. 'नाम लो, नाम लो!' असा गलका. मी माझा नेहमीचा घेतला, देव्हाऱ्यातल्या समईचा. सगळ्यांनी मान डोलावली. मग कुंदाची पाळी आली. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली —

'सकाळी म्हणते गुड मॉर्निंग, रात्री म्हणते गुड नाइट,
शरदरावांचं नाव घेते, चुकलं तर करा राइट!'

अहो, घर दणाणलं. टाळ्या काय, हसणं काय! समोरच्या हंसाबेननी तर उठून तिच्या गालावरून हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. 'फरीथी, फरीथी' — पुन्हा घ्यायला लावला. झोपाळ्यावरून सासरेही ओरडले, वेल डन! ते हसणं कौतुकाचं होतं. हे मी नीट सांगते आहे, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. त्या हसण्यात कणभर कुचेष्टा नव्हती. मी तिथेच होते, पन्ह्याचे पेले भरत.

थोड्या वेळानं हंसाबेन माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या मुलानं दाताचा नवा दवाखाना काढला होता. तुम्हाला माहीत असेल, शियाळ्यात, म्हणजे थंडीत, लंडन-अमेरिकेची आपली माणसं बडोद्याला येतात, लग्नं उरकतात आणि जाता जाता दात करून घेतात. हंसाबेन म्हणाल्या, काउंटरवर बसायला घरंदाज बाई हवी, पाहुण्यांशी इंग्रजीत चार शब्द बोलणारी. आणि माझा हात धरला.

मला वाटलं — हसू नका — मला वाटलं, मलाच विचारताहेत. बी.ए. मी, घरातली मोठी मी. क्षणभरात भीती वाटली, आनंद झाला, मनात निळी साडीसुद्धा नेसून झाली. आणि त्या म्हणाल्या, 'तमारी देराणीने मोकलो ने, बेन.' तुमच्या धाकट्या जावेला पाठवा. मला का सांगत होत्या? कारण मी मोठी जाऊ. रीत होती तशी — धाकटीचं काही असलं तर आधी मोठीच्या कानावर घालायचं. त्यांनी मान राखला माझा.

मी म्हटलं, विचारून सांगते.

संध्याकाळी बायका पांगल्या. आम्ही दोघी मोरीपाशी भांडी घासत होतो. कुंदा गुणगुणत होती. म्हणाली, वहिनी, कसा झाला हो माझा उखाणा? नुसती फुलली होती. आणि मी म्हटलं, 'कुंदा, तुला वाईट वाटेल, पण घरचं माणूस म्हणून सांगते. बायका फार हसत होत्या गं तुला. हंसाबेन तर म्हणाल्या, रेल्वेच्या चाळीतली आणि निघालीय मॅडम व्हायला.'

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या ना?

मी म्हटलं, 'टाळ्या माकडाच्या खेळालाही वाजवतात.'

हे वाक्य माझं. कुणी म्हटलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही. मला — जिला समोरच्या माणसाशी वेळेवर एक वाक्य बोलता येत नसे — हे एका क्षणात सुचलं. तिनं पातेलं उचललं आणि घासत राहिली, स्वच्छ झालेलं तरी घासत राहिली. मला दिसत होतं. मी तेव्हाही सांगू शकले असते, अगं, गंमत केली. नाही सांगितलं. हंसाबेनना मात्र सांगितलं, आमच्याकडे सासऱ्यांना सुनांनी नोकरी केलेली चालत नाही. कोण सासरे? जे तिला स्वतः हाताला धरून दवाखान्यात सोडून आले असते ते!

दुसऱ्या दिवशी कुंदानं झोपाळ्याशी चहा ठेवला आणि वळली. सासरे वाट बघत होते. शेवटी त्यांनीच म्हटलं, गुड मॉर्निंग, माय डिअर. ती म्हणाली, चहा घ्या, बाबा. त्यांचा चेहरा असा उतरला — बिचारे. मला विचारलं, सूनबाई, हिचं काय बिनसलं? मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, बाबा. तिचा इंग्रजीचा क्लासही सुटला. हंसाबेन रस्त्यात दिसल्या की कुंदा खाली बघून जायची; त्यांना वाटलं, पोर घमेंडी झाली. त्या काउंटरवर दुसरी कोणी मुलगी बसली. आज दवाखान्याचा सगळा कारभार तिच्याकडे आहे. माझी दाढ काढायला गेले तेव्हा मला म्हणाली, प्लीज हॅव अ सीट. बसले.

पुढे शरदभावजींची कंपनी बंद पडली. कुंदानं साड्यांना फॉल लावले, वर्षानुवर्षं लावले, डोळे अधू करून घेतले. तुम्हाला वाटत असेल, तेव्हा तरी मी बोलले असेन? मी तिला माझ्या साड्या फॉलला देत होते. आणि मनात म्हणत होते की, बघा, मी मदत करते आहे.

आता ती वरच्या मजल्यावर आहे, मी खाली. भावजी गेले, हेही गेले. तिचा मुलगा निखिल कॅनडात, त्याची बायको तिथलीच, नातीला मराठी येत नाही. रविवारी फोन येतो, चेहरे दिसतात तसला. कुंदा आधी मला हाक मारते — वहिनी, या ना वर. मला आता बोलता येतं थोडंफार, लेकीच्या मुलांमुळे आलं. मी किती वेळा म्हटलं, अगं, तू बोल की दोन शब्द, तुझी नात आहे. ती तोंडावर पदर धरते. म्हणते, नको, मी बोलले की माणसं हसतात.

मला म्हणते हे. माझ्या तोंडावर.

गेल्या खेपेला निखिल मध्येच उठून आत गेला होता, तेव्हा पोरीनं पडद्यात नाक खुपसून काहीतरी विचारलं, भरभर, तिकडच्या धाटणीचं. मला समजलं. ती विचारत होती, आजी माझ्याशी कधीच का बोलत नाही, मी तिला आवडत नाही का? कुंदा माझ्याकडे बघत होती. काय म्हणते हो? काय म्हणते ती?

मी म्हटलं, विचारतेय, आजी जेवली का.

कुंदा हसली. पडद्याकडे बघून जोरजोरात मान हलवली, जेवले, जेवले म्हणून. मग माझा हात धरून म्हणाली, वहिनी, तुम्ही आहात म्हणून बरं.

मी म्हटलं, अगं, त्यात काय.