चौकाच्या मधली जागा

निवृत्त झाल्यावर मी घरात स्वस्थ बसेन असं कर्जतमधल्या कोणालाच वाटत नव्हतं, आणि मी बसलेही नाही. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली. खालापूरजवळच्या एका मनोरंजन पार्कने ‘कारागीर गल्ली’ नावाचा भाग काढला, तेव्हा तिथे देखरेखीला माणूस हवं होतं. पाट्या लिहायच्या, कारागीर काय करतोय ते लोकांना समजावून सांगायचं, एवढंच काम. मी लगेच हो म्हटलं.

गल्लीत कुंभार होता, बुरूड होता, लाखेच्या बांगड्यांचं दुकान होतं. पाण्याच्या खेळांतून लोक ओल्या कपड्यांनीच तिकडे येत आणि फिरत्या चाकाचा व्हिडिओ काढून पुढे जात. डोक्यावरून मोठा पाळणा गेला की किंकाळ्या ऐकू येत. कुंभार मान वर न करता म्हणे, “गेली अजून एक खेप.”

गल्लीच्या टोकाला एक भिंत होती. आतून सिमेंट, वरून शेणमाती. भिवपुरीच्या मागच्या डोंगरातल्या एका वाडीवरची बाई तिथे तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायची. माझ्याच वयाची, बारीक चणीची, कमी बोलणारी. चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडं, नाचणारी माणसं, मोर. आठवडाभर काढायची, मग सारवून पुन्हा पहिल्यापासून. हातात बांबूची काडी आणि रेघ अशी सुटायची की मला मनातून हेवा वाटे. फक्त एक गोष्ट खटकायची. चौकाच्या मधोमध ती काहीच काढत नसे. हातभर जागा तशीच कोरी.

मी तिला कधी विचारलं नाही. वेळ पुरत नसेल, कंटाळा येत असेल, असं मीच ठरवून टाकलं. मुलांच्या चित्रातला मोकळा कागद पाहिला की माझा हात शिवशिवतो. ‘हे कोण पूर्ण करणार?’ असं म्हणत मी किती पोरांच्या चित्रांत रेघा ओढल्या असतील, देव जाणे. जित्याची खोड, दुसरं काय.

फाल्गुनात एका मंगळवारी तिची रजा होती. तिच्या भाचीचं लग्न ठरवायला पाहुणे येणार होते. बहीण गेल्यावर ही भाची तिनेच लहानाची मोठी केलेली. नेमके त्याच दिवशी पार्कचे मोठे साहेब गल्ली बघायला यायचे होते. तिथला तरुण मॅनेजर भिंतीपाशी थांबून म्हणाला, “मॅडम, मधे काहीतरी राहिलंय का?”

मला तेवढंच निमित्त पुरलं. पुस्तकात असल्या चौकातला देव पाहिला होता. पीठ कालवलं, काडी घेतली आणि तासाभरात देव काढला. हात वर केलेले, केसांच्या जागी रेघा, दोन्ही बाजू अगदी सारख्या. साहेबांनी वाहवा केली. लोकांनी फोटो काढले. मी दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

“कोनी काढला ह्यो?”

“मी. राहिला होता ना तुझा.”

“लगीन कोनाचं हाय?”

मी हसले. ती हसली नाही. पिशवीतली ओढणी काढून तिने दोन खिळ्यांना बांधली आणि देव झाकला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली.

“बाई, राहिला नव्हता. ठेवला होता. देव मधी बसतो तो लग्नात. गानं म्हनून बोलवावा लागतो. तो नाय तवर ही नुसती नक्षी. म्हनून तर मी हितं चौक काढते तरी वाडीवर कोन काय बोलत नाय.”

मी जीभ चावली. पण चावून काय उपयोग? दुपारी चहा न घेताच ती निघून गेली. गुरुवारी आली नाही, शुक्रवारीही नाही. पार्कच्या उपाहारगृहात त्याच वाडीवरची एक सून भांडी घासायची, तिने मला सांगितलं. देवाचा फोटो मोबाइलवरून वाडीत पोचला होता. हिनं देव विकला, असं सगळे म्हणत होते. भाचीच्या लग्नाचा चौक आता दुसऱ्या वाडीची बाई घालणार होती.

मला पुढे जेवण गेलं नाही. जिला कडेवर घेऊन वाढवलं तिच्याच लग्नात हिने हातात पिठाची वाटी धरायची नाही, आणि ते माझ्या आगाऊपणामुळे. शनिवारी भिवपुरीपर्यंत गेले, पुढे मिळेल त्या टमटमने, आणि शेवटचा चढ पायी.

वाडीत सगळ्यांनी जिच्याकडे बघून बोलावं अशी एक म्हातारी होती. लग्नाचे चौक कोणी घालायचे ते तीच ठरवायची. तिच्या अंगणात पाचसहा बायका जमल्या. ही मात्र आपल्या दारातच उभी राहिली, जवळ आली नाही. मी सगळं सांगितलं. देव मी काढला, तिला न विचारता काढला, ती त्या दिवशी तिथे नव्हतीच.

“तिनंच धाडलं असंल तुला,” म्हातारी म्हणाली. “शहरातली मानसं कामवाल्या बाईसाठी खोटं बी बोलत्यात.”

मला राग आला. शाळेत माझ्यावर कोणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता. पर्समध्ये खडू असतोच, अजूनही असतो. तो काढला आणि म्हटलं, “मग बघा, तोच देव पुन्हा काढून दाखवते,” आणि अंगणात खाली वाकले.

“अगं थांब, थांब!” चारही बाजूंनी बायका ओरडल्या. “परत बसवतीस का काय!”

खडू माझ्या हातातच राहिला. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. पण म्हातारीच्या तोंडावर कुठेतरी हसू हललं.

“घोडा काढ,” ती म्हणाली. “घोड्याला काय होत नाय.”

मी घोडा काढला. चारी पाय सारखे, मान मोजून वळलेली, शेपटी जिथल्या तिथे. म्हातारीने कोणाचा तरी मोबाइल मागून घेतला, देवाचा फोटो डोळ्यांजवळ धरला, मग घोड्याकडे पाहिलं. मग परत फोटोकडे.

“ह्यो देव शाळंत गेलाय गं,” ती म्हणाली. “आन ह्यो घोडा त्याच्याच वर्गात हाय.”

सगळ्या खदखदून हसल्या. दारातली तीसुद्धा तोंडावर पदर धरून हसली. माझ्या पस्तीस वर्षांचा निकाल असा अंगणात लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हसताना तिचे डोळे भरलेले दिसले, आणि मग मलाही हसू आलं.

म्हातारी तिच्याकडे वळली. “तांदूळ भिजत घाल. चौक तुझाच.” मग मला म्हणाली, “तू बी ये लग्नाला. पन चौकाच्या घरात यायचं नाय.” मी इतक्या झटकन मान हलवली की पुन्हा हशा झाला.

पुढच्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या पार्कमध्ये आल्या, हलक्या आवाजात गाणं म्हणून त्या देवाला निरोप दिला, आणि हिने ती जागा सारवून घेतली. मॅनेजरला मी सांगितलं, भिंतीची नेहमीची डागडुजी चालू आहे.

लग्न वैशाखात झालं. मी मांडवात बसले होते. समोरच्या घराचं दार उघडं होतं, आतून बायकांचं गाणं येत होतं, मधूनच काडी वाटीत बुडवल्याचा आवाज. चार पावलांवर. असलं चित्र मला पुन्हा कधी दिसणार नव्हतं आणि माझं अख्खं अंग तिकडे ओढ घेत होतं. मी खुर्ची फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसले.

बऱ्याच वेळाने गाणं थांबलं. ती बाहेर आली, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. माझ्याशेजारी जमिनीवरच टेकली.

“बघितलास?”

“नाही.”

तिने माझ्या फिरवलेल्या खुर्चीकडे पाहिलं. ओल्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“आलाय,” ती म्हणाली.